मादाम क्यूरींचे हात

रेडियमचा शोध कोणीं लावला, असें शाळेतल्या लहान मुलास विचारलें तरी तो मादाम क्यूरींचें नांव तत्काळ सांगेल. परंतु सांपडलेलें रेडियम हातांत धरावयाचें कसें, हा प्रश्न त्याहून अवघड होता. त्याचें उत्तर मिळेपर्यंत अनेक थोर माणसांचीं बोटें भाजलीं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाहीं. म्हणून या बाईंचें चरित्र या वेळीं आम्ही त्यांच्या हातांच्या बाजूनें सांगण्याचें योजिलें आहे.

मारिया स्क्लोडोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं पोलंडांतील वॉर्सा शहरीं झाला. पोलंडचा तो भाग तेव्हां रशियाच्या अमलाखालीं होता. वडील पदार्थविज्ञान व गणित शिकवीत. आई मारिया दहा वर्षांची असतांनाच क्षयानें वारली. तेथील विद्यापीठाचीं दारें मुलींना बंद होतीं. तेव्हां दोघी बहिणींनीं आपसांत ठरविलें कीं, थोरल्या ब्रोन्यानें पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावें, मारियानें परक्या घरीं मुलांना शिकवून तिला पैसे पाठवावे, आणि पुढें थोरलीनें धाकटीला बोलावून घ्यावें. दोघींनींही शब्द पाळला. १८९१ सालीं मारिया पॅरिसला गेली. १८९३ त पदार्थविज्ञानाची व १८९४ त गणिताची पदवी तिनें मिळविली, आणि १८९५ सालीं प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशीं तिचा विवाह झाला.

युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघतात, असें बेकेरेल यांस १८९६ सालीं आढळलें होतें. बाईंनीं तोच विषय हातीं घेतला. पिचब्लेंड या खनिजांतून निघणारे किरण त्यांतील युरेनियमच्या मानानें फारच अधिक होते. अर्थात् त्यांत दुसरें कांहींतरी अज्ञात द्रव्य असलें पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. १८९८ च्या जुलैंत पोलोनियम व डिसेंबरांत रेडियम अशीं दोन नवीं द्रव्यें पतिपत्नींनीं जाहीर केलीं. पुढें एका गळक्या छपराखालीं टनावारी खनिज उकळून, ढवळून व गाळून १९०२ सालीं जेमतेम एक दशांश ग्रॅम शुद्ध क्षार हातीं आला. हातीं हा शब्द आम्ही अक्षरशः वापरीत आहों. त्या कांचेच्या नळ्या अंधारांत मंद चमकत, आणि उभयतां रात्रीं मुद्दाम तें तेज पाहण्यास जात. त्या उघड्या बोटांनीं धरण्यांत कांहीं भय आहे, ही शंका आरंभीं कोणाच्याच मनाला शिवली नव्हती.

भय प्रकट झालें तें एका वासकोटाच्या खिशांत. बेकेरेल यांनीं रेडियमची नळी खिशांत बाळगली, आणि कांहीं दिवसांनीं नेमकी त्या जागची कातडी लाल होऊन तेथें जखम झाली. प्येर क्यूरी यांनीं तर जाणूनबुजून स्वतःच्या बाहूवर दहा तास तें द्रव्य ठेवलें; बावन्न दिवसांनंतरही जखम पुरती भरली नव्हती. हे दोन्ही अनुभव १९०१ सालीं एकत्र प्रसिद्ध झाले. जें निरोगी कातडी जाळतें तें रोगट कातडीही जाळील, हा विचार त्यांतूनच पुढें आला, आणि पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयांतील डॉ. दान्लोस यांनीं त्वचारोगांवर रेडियम लावून पाहिलें. पति-पत्नींनीं आपल्या कृतीचें पेटंट घेतलें नाहीं. ज्याला हवें त्यानें रेडियम करावें, अशी मोकळीक ठेवली.

परंतु येथेंच कोडें उभें राहिलें. रोगी आयुष्यांत दोन-चार वेळां रेडियमखालीं येतो. वैद्याचे व परिचारिकेचे हात रोज येतात. तेव्हां साधन असें पाहिजे कीं, किरण गांठीवर पुरते पडावे व बोटांवर अगदीं थोडे. दिव्याचें उदाहरण घ्या. दिव्यापासून दुप्पट दूर गेलें कीं प्रकाश निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. रेडियमच्या लहानशा नळीचेंही तसेंच आहे. एक सेंटिमीटरवरचें बोट दहा सेंटिमीटरवर नेलें कीं त्यावर शंभरावा हिस्साच पडतो. मग दांडी हातभर लांब कां करूं नये, असें आमचे विद्यार्थी विचारतील. त्याचें कारण असें कीं, फार लांब दांडीनें नेम चुकतो, हात थरथरतो आणि काम लांबतें. व जितका वेळ अधिक तितके किरण अधिक. जें साधन हाताळण्यास अवजड तें सुरक्षितही राहत नाहीं. आमच्या मतें सगळ्या गोष्टीचें मर्म येथें आहे.

विकहॅम व देग्रे या पॅरिसच्या डॉक्टरांनीं धातूच्या लहान पत्र्यांवर वार्निशांत मिसळलेलें रेडियम पसरून लावलें, म्हणजे तो पत्रा कातडीवर सपाट टेकवितां येई. पुढें बंद नळ्या व सुया निघाल्या. अर्धा मिलिमीटर जाडीचें प्लॅटिनम भोंवतीं असलें कीं वरवर जाळणारे मृदु किरण तेथेंच अडतात व खोल जाणारे गॅमा किरण तेवढे बाहेर पडतात.

१९०६ सालीं प्येर रस्त्यांत घोडागाडीखालीं सांपडून वारले. त्यांचें अध्यापनाचें काम बाईंकडे आलें. १९०३ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यांना पति व बेकेरेल यांच्यासह मिळालें होतें. १९११ सालीं रसायनशास्त्राचें एकटीला मिळालें. १९१४ सालीं पॅरिसची रेडियम संस्था बांधून तयार झाली, तोंच महायुद्ध सुरू झालें. बाई क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन रणभूमीकडे गेल्या; कन्या इरेन बरोबर होती.

त्याच युद्धाच्या काळांत बाईंनीं रुग्णालयांसाठीं जें दुसरें काम केलें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. रेडियमपासून रेडॉन नांवाचा वायु सतत निघतो. बाईंनीं आपलें एक ग्रॅम रेडियम प्रयोगशाळेंतच ठेविलें, त्यावरील वायु पंपानें ओढून बारीक कांचेच्या नळ्यांत भरला व त्या नळ्या रुग्णालयांस पुरविल्या. तेथें त्या प्लॅटिनमच्या सुयांत घालून वापरीत. रेडियमचें बळ निम्में होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात, रेडॉनचें चार दिवसांच्या आंत होतें. म्हणून नळी हरवली, फुटली किंवा रोग्याच्या शरीरांत राहून गेली तरी अनर्थ थोडक्यांत आटोपे, आणि मूळ धन घरींच सुरक्षित राही. मात्र त्या नळ्या भरतांना किरण सोसले ते बाईंच्याच बोटांनीं. हीच पद्धत पुढें आमच्या मुंबईसही आली: पॅरिसला बाईंच्या प्रयोगशाळेंत शिकलेले डॉ. रामय्या नायडू यांनीं १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत रेडॉनचें यंत्र उभारलें.

संस्थेंत बाईंचा नियम कडक असे. नळी चिमट्यानेंच उचलावी, शिशाच्या आडोशामागें काम करावें, व वेळोवेळीं रक्त तपासून घ्यावें. १९२५ सालीं वैद्यकासाठीं किरणोत्सर्गी द्रव्यें बनविणारे फ्रान्समधील दोन अभियंते लागोपाठ मरण पावल्यावर तर कोणासच शंका उरली नाहीं. नियम मोडणाऱ्यास बाई रागें भरत. स्वतः मात्र तो क्वचितच पाळीत. त्यांच्या बोटांचीं टोकें कठीण होऊन भेगाळलीं होतीं, व अंगठ्यानें तीं चोळीत राहण्याची त्यांना संवयच जडली होती. डोळ्यांत मोतीबिंदु होऊन अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ती गोष्टही त्यांनीं लोकांपासून लपविली. अशा थोर बाईंस दोष देण्यास आमची जीभ कचरते. तरीही हें वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटत नाहीं, व तें त्याग म्हणून मुलांपुढें ठेवणें तर मुळींच बरें नव्हे. गुरु उघड्या हातानें नळी उचलतांना दिसला तर शिष्य चिमटा किती दिवस वापरील?

४ जुलै १९३४ रोजीं सांसेल्मो येथील आरोग्यभुवनांत रक्तक्षयानें त्यांचें देहावसान झालें. १९९५ सालीं त्यांचा देह पॅरिसच्या पांतेओंमध्यें नेण्यासाठीं थडगें उघडलें, तेव्हां शवपेटीस शिशाचें अस्तर आढळलें. मात्र देहांतील रेडियमचें प्रमाण अपेक्षेहून कमी भरलें. त्यावरून, युद्धांत आडोशाशिवाय सोसलेले क्ष-किरणच त्यांच्या आजारास अधिक कारण झाले असावे, असा तज्ज्ञांनीं अंदाज बांधला. कन्या इरेन हीही १९५६ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारली.

साधनें मात्र सुधारत गेलीं. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. हेन्श्के यांनीं उलट क्रम रूढ केला: प्रथम रिकाम्या नळ्या सावकाश, नीट जागीं बसवाव्या, आणि किरण देणारें द्रव्य अगदीं शेवटीं आंत सरकवावें. त्यामुळें डॉक्टरांना घाई उरली नाहीं. पुढें तें सरकविण्याचें कामही यंत्राकडे गेलें, व यंत्र चालूं असतांना खोलींत रोग्याखेरीज कोणी राहीनासें झालें. डोळ्यावरील उपचारासाठीं निघालेली स्ट्रॉन्शियमची शलाका मात्र हातांतच राहिली. ती लेखणीसारखी धरतात. टोकाशीं द्रव्याची लहानशी टिकली असते, आणि मध्यें पारदर्शक प्लास्टिकची जाड चकती. डॉक्टरला चकतींतून रोग्याचा डोळा स्पष्ट दिसतो, व त्याचीं बोटें चकतीच्या मागें राहतात.