मुळापर्यंत उजेड नेणारा दंतवैद्य

नातवाचा पुढचा एक दात दुखू लागला. कीड नाही, मार नाही. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून दाखवला, तर दाताच्या पोटात जणू दुसरा दात! दात घडत असताना, तो टणक होण्याआधीच, आवरण आत दुमडले की असे होते. अशा दाताचे रूट कॅनल म्हणजे अनोळखी गल्लीबोळांतून अंधारात चालणे. चित्र नसते तर दात काढावाच लागला असता.

हे चित्र दंतवैद्यांच्या हाती देणाऱ्यांत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स अग्रणी होते. जन्म १८५६चा. वडीलही दंतवैद्यच. बायकांनी दवाखान्यात एकटे जाणे प्रशस्त मानत नसत, त्या काळात, १८८५मध्ये, त्यांनी मदतनीस म्हणून स्त्री नेमली आणि बायका निर्धास्तपणे येऊ लागल्या.

१८९५च्या अखेरीस राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी केल्स दातांची चित्रे काढू लागले. १८९९मध्ये त्यांनी दाताच्या मुळात शिशाची बारीक तार घालून चित्र घेतले. तार कुठवर पोचली ते स्वच्छ दिसले! तोवर सारा कारभार हाताच्या अंदाजाने चाले.

पुढे उपचार केलेले दातच अंगभर रोग पसरवतात, असे खूळ डॉक्टरांत शिरले. एक्स-रेतली जराशी सावली पाहून लोकांचे दात सरसकट उपटले जाऊ लागले. केल्स यांनी त्याला कडाडून विरोध केला. दात वाचवण्यासाठी आणलेले साधन दात काढण्यासाठी वापरले जावे, हे त्यांना सहन होत नव्हते.

पण खरी किंमत निराळीच होती. किरणांचा जोर जोखण्यासाठी ते स्वतःचाच हात यंत्रापुढे धरत. त्यांतला धोका तेव्हा कोणाला ठाऊक होता? कर्करोगाने आधी बोटे गेली, मग पंजा, मग सगळा हात. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. अखेर १९२८मध्ये, वेदना असह्य होऊन, त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे जमाखर्च मांडायची खोड जात नाही. नातवाचा एक्स-रे काढताना डॉक्टरीणबाई बाजूला सरकल्या, बटण दाबले, क्षणात काम झाले. त्याचा दात वाचला. ते बाजूला सरकणे आपल्याला फुकट मिळाले. त्याचे मोल मात्र कोणीतरी आपल्या हाताने आधीच चुकते केले होते.