जुहूची हवा आणि गांधीजींचे दुखणे

पोरबंदरच्या किनारी १८६९ साली जन्मलेल्या गांधीजींचा पाणी आणि मातीच्या उपचारांवर गाढ विश्वास. जर्मनीच्या लुई कुने यांचे कटिस्नान, पोटावर ओल्या मातीची पट्टी हे प्रयोग ते दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून करत. पण १९२४ च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात अपेंडिक्स सुजले, तिथे पट्टीचे काम नव्हते. १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकले.

सुटकेनंतर मार्चमध्ये ते जुहूला गेले. मोकळी हवा, विश्रांती. जखम भरताना शरीराला हेच हवे असते. (भेटायला येणाऱ्यांनी विश्रांती कितपत मिळू दिली, कोण जाणे!) समुद्राचे मीठ, शेवाळ, चिखल यांचे लेप आता आपल्या नगरपर्यंत पोचलेत. त्यांनी आखडलेल्या सांध्यांना थोडा आराम पडतो, हे खरे.

१९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटून ते पुन्हा जुहूलाच आले. कस्तुरबा फेब्रुवारीत गेल्या होत्या, मलेरियाने अंग खंगले होते. त्यांनी मौन पाळले, किनाऱ्यावर राहिले. तपासणीत मात्र आमांशाचे जंतू आणि अंकुशकृमी सापडले. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात, माणूस पांढराफटक पडतो. समुद्राचा वारा तिथवर पोचत नाही.