डॉक्टर रेमों साबुरो

शाळेच्या हजेरीपटावरून एखाद्या मुलाचे नाव दोनदोन वर्षे नाहीसे व्हावे आणि त्याचे कारण काय, तर डोक्यावरचा रुपयाएवढा एक चट्टा! हे वाचून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस शहरात कित्येक मुलांची अशीच गत होत असे. आपल्याकडे ज्यास खवडे म्हणतात, तो डोक्याचा नायटा जडला की शाळेचे दार बंद होई. कारण टोपीवाटे, फणीवाटे तो शेजारच्या मुलास लागे. मग सेंट लुई नावाच्या रुग्णालयात चिमट्याने एकेक केस उपटून त्याच्यावर उपचार चालत. केस पुन्हा उगवत आणि त्यांच्याबरोबर रोगही. अखेर अशा मुलांकरिता त्या रुग्णालयातच एक शाळा चालवावी लागली. आम्हीही एकदा असल्याच एका मुलास वर्गात वेगळ्या बाकावर बसविले होते, आणि त्याचे खाली गेलेले तोंड आम्हांस अजून आठवते. ज्या पुरुषाने पॅरिसच्या त्या मुलांना आपापल्या शाळेत परत धाडले, त्याचे चरित्र येथे देत आहो.

रेमों साबुरो यांचा जन्म फ्रान्सच्या पश्चिम भागातील नांत शहरी ता. २४ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी पॅरिस येथे घेतले. सेंट लुई रुग्णालयात बेनिए या विख्यात त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले आणि पाश्चर संस्थेत त्यांनी जंतुशास्त्राचे धडे घेतले. एका ठिकाणी रोगी पाहावा व दुसऱ्या ठिकाणी त्याचे कारण शोधावे, असा हा दुहेरी अभ्यास होता.

कारण खरे म्हणजे अर्धशतकापूर्वीच सापडले होते. हंगेरीतून पॅरिसला येऊन राहिलेले डॉक्टर डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ ते १८४४ या काळात रोगट केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून दाखविले होते, की हा रोग बिघडलेल्या रक्ताचा नसून केसांवर वाढणाऱ्या बुरशीचा आहे. त्या काळच्या बड्या वैद्यांस ते पटले नाही. ग्रुबींनी संशोधन सोडले व ते आपल्या रोग्यांत रमले. १८९२ च्या सुमारास साबुरोंनी तेच केस पुन्हा तपासले, तेव्हा ग्रुबींचे म्हणणे खरे ठरले. आणि साबुरोंनी ते श्रेय मोकळ्या मनाने ग्रुबींना दिले. ग्रुबी १८९८ पर्यंत हयात होते, म्हणजे हा न्याय त्यांच्या जिवंतपणीच झाला. दुसऱ्याचा विसरलेला शोध आपल्या नावावर खपविणे किती सोपे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीची किंमत कळते.

साबुरो मात्र तेथेच थांबले नाहीत. ही बुरशी एक नसून तिच्या पुष्कळ जाती आहेत, हे त्यांनी ओळखले. पण त्या वेगळ्या ओळखाव्या कशा? एकच जात निराळ्या अन्नावर निराळा रंग व आकार धरी, आणि दोन प्रयोगशाळांचे एकमत होत नसे. म्हणून साबुरोंनी साखर, पेप्टोन व अगार यांचे ठराविक प्रमाणाचे खाद्य तयार केले व सर्वांनी याच खाद्यावर बुरशी वाढवून पाहावी असे सुचविले. आम्हां शिक्षकांस यातले मर्म लवकर कळते. साऱ्या मुलांना एकच प्रश्नपत्रिका दिल्यावाचून त्यांची तुलना करता येत नाही.

ही तुलना साधल्यावर एक विलक्षण गोष्ट उघड झाली. काही जाती माणसांतच राहतात; त्या फारसा दाह करीत नाहीत, पण वर्षानुवर्षे चिकटून बसतात. दुसऱ्या काही घोडा, गाय, मांजर यांच्याकडून येतात. त्यांनी त्वचा लाल होऊन सुजते, पू होतो, पाहणारा घाबरून जातो, आणि तरी तो रोग पुष्कळदा लवकर आटोपतो. माणसाचे शरीर परक्या पाहुण्याशी जोराने झगडते म्हणून असे होते. यास्तव घरातील मुलास नायटा झाला की गोठ्यातल्या वासराच्या डोळ्यांभोवती व मानेवर करडे, खपली धरलेले गोल चट्टे आहेत काय, हेही पाहावे लागते. मांजराच्या अंगावर तर कधी काहीच दिसत नाही, तरी ते बुरशी वाहत असते. मुलाला औषध आणि मांजर मोकळे, असे केल्यास रोग परत येतो.

आता उपचार. क्ष-किरणांनी केस गळतात हे तोवर ठाऊक झाले होते. पण मात्रा थोडी चुकली तर कातडी जळे किंवा कायमचे टक्कल पडे. १९०४ साली साबुरो व त्यांचे सहकारी न्वारे यांनी मात्रा मोजण्याची एक छोटी चकती काढली. किरणांनी तिचा रंग ठरलेल्या छटेपर्यंत बदलला की यंत्र बंद करावयाचे. दोनतीन आठवड्यांत केस बुरशीसकट गळत व पुढे निरोगी केस येत. दोन वर्षांचे काम सुमारे तीन महिन्यांवर आले! मुले घरी गेली.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. पुढील अर्धशतकात हा उपचार अनेक देशांत हजारो मुलांवर झाला, आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना मेंदूच्या व कंठग्रंथीच्या गाठी झाल्या. हा धोका १९०४ साली कोणासच ठाऊक नव्हता. साबुरोंना त्याबद्दल दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. पण तो झाकणेही योग्य नव्हे.

१९१० साली या रोगांवरील त्यांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. या गंभीर वैद्याला शिल्पकलेचाही नाद होता, आणि त्यात त्यांनी नावही मिळविले. ता. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९५८ साली, ग्रिसिओफल्विन हे पोटात घेण्याचे औषध या रोगावर गुणकारी ठरले आणि क्ष-किरणांची गरज संपली. गंमत अशी की हे औषधही एका बुरशीपासूनच मिळते.

आज औषधे पुष्कळ आहेत, तरी आपल्या देशात गजकर्ण हटेनासे झाले आहे. पालकांनी हे लक्षपूर्वक वाचावे. दुकानातून विचारल्यावाचून आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज व लाली दोन दिवसांत थांबते. पण बुरशी मरत नाही, उलट पसरते, आणि चट्ट्याची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने डॉक्टरही फसतात. भारतात फैलावलेल्या अशा एका चिवट जातीस २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास ती पुष्कळदा दाद देत नाही.

अशा वेळी डॉक्टर चट्ट्याच्या कडेची थोडी साल खरवडून पोटॅशच्या द्रावणात टाकतात व सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले फाटे फुटलेले धागे शोधतात. जात ओळखावयाची असल्यास उरलेली साल प्रयोगशाळेत एका काचनळीतील फिकट पिवळ्या खाद्यावर ठेवतात आणि दोन ते चार आठवडे वाट पाहतात. त्या नळीतल्या खाद्याला आजही साबुरोंचेच नाव आहे.