विल्यम हाल्स्टेड : कोकेनने जखडलेला शल्यविशारद

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि न्यूयॉर्कचे तरुण शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड (१८५२–१९२२) कामाला लागले. मज्जातंतूजवळ कोकेन टोचले की तेवढाच भाग बधिर होतो, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. दाताच्या दवाखान्यात आजही हीच पद्धत चालते. औषध मात्र वेगळे. पण प्रयोग करणारेच व्यसनात अडकले. १८८५ मधला हाल्स्टेड यांचा लेख तर वाचून अर्थच लागत नाही.

१८८६ मध्ये ते प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात दाखल झाले, १८८७ मध्ये पुन्हा. तिथे मॉर्फीन मिळाले, म्हणजे आगीतून फुफाट्यात!

तेव्हा याला मनाचा दुबळेपणा म्हणत. उंदरांवरील प्रयोग वेगळे सांगतात. कोकेनमुळे मेंदूत डोपामिन साचते, त्याचा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि काही जनुके जागी होतात. जनुकांचा मजकूर तोच राहतो, त्यातला कोणता भाग वाचला जाईल ते बदलते. अशा वेळी तयार होणारी बहुतेक प्रथिने काही तासांत नाहीशी होतात. ‘डेल्टा फॉसबी’ मात्र प्रत्येक मात्रेगणिक साठत जाते, कोकेन थांबल्यावरही काही आठवडे टिकते आणि ओढ वाढवते.

पुढे हाल्स्टेड जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे त्यांनीच रुळवले. मॉर्फीन चालूच होते, हे सहकारी विल्यम ऑस्लर यांच्या गुप्त टिपणातून १९६९ मध्ये उघड झाले.