रँग्लर परांजपे आणि अवघड गणित

गणपती ही बुद्धीची देवता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी एका बुद्धिमंताविषयी लिहावेसे वाटले. ते स्वतः देव मानत नसत, पण बाप्पा त्यावरून रागावणार नाहीत. हे गृहस्थ म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. आपण लखनौकर मराठी माणसांनी तर त्यांची आठवण ठेवायलाच हवी. १९३२ ते १९३८ या काळात ते इथल्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या नात.

परांजप्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी झाला. नात्यातले धोंडो केशव कर्वे, म्हणजेच पुढचे महर्षी, यांनी त्यांना शिक्षणासाठी हात दिला. कर्वे स्वतः गणिताचे शिक्षक. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच कॉलेजातून पदवी घेऊन परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले.

तिथली ट्रायपॉस परीक्षा कित्येक दिवस चाले. पाठ केलेल्या सिद्धांतांना थोडेफार गुण मिळत, पण वरचा नंबर लागायचा तो कधी न पाहिलेली उदाहरणे सोडवली तरच. पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर आणि त्यात पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. १८९९ साली परांजपे आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

एवढ्या यशानंतर मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या होत्या. परांजपे मात्र फर्ग्युसनला परतले आणि तुटपुंज्या वेतनावर गणित शिकवू लागले. १९०२ साली ते प्राचार्य झाले. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर अशी पदे आली. १९६६ साली, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

हे सारे लिहिताना मला माझी चूक आठवते. डिप्लोमाला मी गणिताचा पेपर सूत्रे पाठ करून काढला. नोकरीत आल्यावर एका वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा, हे साहेबांनी विचारले. सूत्र तोंडपाठ होते, आकडे घातले, उत्तर आले. साहेबांनी पुढे विचारले, की याच वळणावरून एक्सप्रेस वेगाने जाते आणि मालगाडी रांगत जाते, मग हे उत्तर कोणत्या गाडीचे? मी गप्प! त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गणित केले.

आज माझी नववीतली मुलगी पुस्तकाबाहेरचे गणित आले, की ते अभ्यासक्रमात नाही म्हणून वही मिटते. तिच्या क्लासातही तसेच सांगतात. गुण चांगले मिळतात, म्हणून आजवर मीही गप्प बसलो. आता ठरवले आहे, दर रविवारी आम्ही दोघांनी एकच गणित घेऊन बसायचे, मात्र ते दोघांनाही न येणारे. पहिल्या रविवारी दीड तास गेला आणि उत्तर चुकले. पण सोमवारी सकाळी चहाच्या आधी तिनेच वही पुढे केली.

मंडळाच्या मुलांच्या स्पर्धेतही असे एखादे अवघड गणित ठेवावे, ही कार्यकारिणीला नम्र विनंती.