जाईबाई चौधरी : स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या बाईने काढलेली मुलींची शाळा

३ जानेवारी आणि १४ एप्रिल आपल्या पोरापोरींना पाठ आहेत. २ मे म्हटले की मात्र कुणाला काही आठवत नाही. याच दिवशी १८९२ साली नागपूरजवळच्या उमरेड गावी, एका महार कुटुंबात जाईबाई चौधरी जन्मल्या. विदर्भातल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे नाव माहीत आहे. आपल्या हिंगोली-परभणीकडच्या तरुणांपर्यंत ते नीट पोहोचलेलेच नाही, म्हणून हा लेख.

१८९६ च्या दुष्काळात घराने गाव सोडले आणि नागपूर गाठले. नऊ वर्षांच्या जाईचे लग्न १९०१ मध्ये बापूजी चौधरी यांच्याशी लागले. सासरीही गरिबी पाचवीला पुजलेली. पोटासाठी त्या हमाली करू लागल्या. नागपूर आणि कामठी या दोन स्टेशनांदरम्यान प्रवाशांचे सामान डोक्यावरून न्यायचे. कामठी म्हणजे लष्करी छावणी, आपल्या हिंगोलीत एके काळी होती तशीच, त्यामुळे ओझ्यांना तोटा नव्हता. नकाशावर हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. डोक्यावर ट्रंक आणि पायाखाली उन्हाळ्यातला नागपुरी रस्ता असेल तेव्हा ते किती होत असेल, याचा विचार आपणच करावा.

या कामातच ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंशी त्यांची गाठ पडली. त्या बाईंच्या मदतीने जाईबाई लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे मिशनच्या शाळेत महिना ४ रुपये पगारावर शिक्षिका झाल्या. डोक्यावरचे ओझे उतरले, पण जात उतरली नाही. आपल्या मुलांना अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालक बिथरले, शाळेवर बहिष्कार पडला आणि जाईबाईंची नोकरी गेली.

इथे कुणीही पुन्हा स्टेशनचा रस्ता धरला असता. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपूरच्या नवी वस्तीत मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. साल लक्षात घ्या. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची आणि महाडचा सत्याग्रह १९२७ चा. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये शिकत होते. अर्थात नागपूरची जमीन आधीच नांगरलेली होती. किसन फागोजी बनसोडे यांच्यासारखे कार्यकर्ते मुलींच्या शिक्षणासाठी आधीपासून झटत होते, १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद इथेच भरली होती. पण परिषदेत ठराव करणे वेगळे आणि ज्या वस्तीत मुलगी चालू लागली की तिच्या कडेवर धाकटे भावंड येते, तिथे तिला रोज सकाळी पाटीसमोर बसवणे वेगळे. दुसरे काम अधिक कठीण, असे मला वाटते.

शाळेचे नाव ठेवले संत चोखामेळा यांचे. आजच्या बौद्ध तरुणाला ते खटकते, आपण देव-संतांचा मार्ग सोडला आहे ना! पण चोखोबांची गोष्ट आपल्या जिल्ह्याशीही जोडलेली आहे. परंपरेने ज्यांचे जन्मगाव आपली नर्सी मानले जाते, त्या नामदेवांनीच मंगळवेढ्याला कोसळलेल्या गावकुसाखालून चोखोबांची हाडे वेचून पंढरपुरात आणली, असे सांगतात. समाधी झाली, पण महाद्वाराच्या बाहेर. १९२२ साली महार मुलीला आपला वाटेल असा दुसरा पूर्वज कोणता होता? खुद्द बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. तेव्हा नावावरून जाईबाईंना जोखू नये.

१९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या हक्कांवर बोलणाऱ्या या सुशिक्षित बायकांनी जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवले. पंधरा वर्षे शाळा चालवलेल्या बाईला! अपमान जुनाच होता, या वेळी तो गिळला गेला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातल्या दलित स्त्रियांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला. आपल्या स्त्रियांची वेगळी संघटना कशाला, असे आजही कुणी विचारले तर त्याला ही तारीख सांगावी.

साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, असे सांगितले. नऊ वर्षांची असताना बोहल्यावर चढलेल्या जाईबाईंनी हेच वस्तीतल्या आयांच्या गळी उतरवण्यात वीस वर्षे घातली होती.

या पिढीची नोंद पुस्तकांत फार उशिरा झाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते केले, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. ते तुमच्या विहाराच्या कपाटात नसेल तर आधी ते मागवा. नागपुरात जाईबाईंच्या नावाने आज ज्ञानपीठ आहे, आणि तिथे शाळा भरते.