डार्विन यांचे दुखणे आणि दिनक्रम

चार्ल्स डार्विन म्हटले की ‘बीगल’ जहाजावरून पाच वर्षे जग पालथे घालणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. पण १८३६ मध्ये परतल्यावर उरलेल्या ४५ वर्षांत त्यांनी ब्रिटनबाहेर पाऊल टाकले नाही. तिशीच्या आसपास पोटाच्या दुखण्याने त्यांना गाठले. जेवणानंतर काही तासांनी उलट्या, पोटात वायू, छातीत धडधड, चक्कर, इसब आणि कमालीचा थकवा. अनेक डॉक्टर झाले, पण निदान झाले नाही. त्यावर आजही एकमत नाही.

१८४२ मध्ये डार्विन आणि पत्नी एमा लंडन सोडून डाउन या खेड्यात राहायला गेले. अभ्यासिकेच्या एका कोपऱ्यात आडोसा करून उलटीसाठी भांडे ठेवलेले असे. १८४९ मध्ये मालव्हर्न येथे डॉ. गली यांच्याकडे थंड पाण्याचे उपचार आणि पथ्य करून त्यांना बराच आराम पडला. त्याच वर्षी त्यांनी प्रकृतीची रोजची नोंद सुरू केली आणि ती पाच वर्षांहून अधिक काळ ठेवली.

दिवस आखीव होता. सकाळी दोन बैठकांत मिळून सुमारे तीन तास काम, दुपारी बागेमागच्या वाटेवर फेऱ्या, मग पत्रे आणि विश्रांती. रात्री एमा यांच्याबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव ठरलेले. त्यांचा हिशोबही ते वर्षानुवर्षे ठेवत.

बार्नॅकल या सागरी जीवांच्या अभ्यासात आठ वर्षे गेली. त्यांतली सुमारे दोन आजारपणाने खाल्ली, असा त्यांचाच अंदाज होता. तरी याच काळात, १८५३ मध्ये, त्यांना रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. नोव्हेंबर १८५९ मध्ये त्यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ते इल्कली येथे उपचार घेत होते. पुढच्या जूनमध्ये ऑक्सफर्डला त्यावर गाजलेला वाद झाला. त्या वेळीही ते उपचारांसाठी बाहेरच होते. हक्स्ले आणि हूकर या मित्रांनी त्यांची बाजू लढवली.

हा माणूस खचलाच नाही, असे मात्र नाही. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी मालव्हर्नलाच दगावली. आपली नाजूक प्रकृती मुलांत उतरली असेल, ही भीती त्यांना सतत छळत राहिली.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८८८ मध्ये, लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी सिलिॲक या आतड्याच्या विकाराचे नेमके वर्णन केले. गव्हाशी असलेला त्याचा संबंध नेदरलँड्सचे डॉ. डिके यांनी पुढे दाखवून दिला. आज रक्ततपासणी आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीतून निदान होते. गहू, जव, राय कायमचे बंद करावे लागतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते, मात्र त्यांत गव्हाचे पीठ मिसळता कामा नये. प्रौढ वयात हे निदान झालेल्यांना पथ्यापेक्षा जड जातो तो लग्नातला आग्रह, कार्यालयातला डबा आणि एका पोळीने काय होते हा प्रश्न.

अशा रुग्णांना डार्विन यांच्या दिनक्रमातून घेण्यासारखे आहे. काय खाल्ले, काय त्रास झाला याची नोंद ठेवावी. झेपेल तेवढेच काम ठरवावे, नाही म्हणताना अपराधी वाटू देऊ नये आणि रोजचा एखादा विरंगुळा सोडू नये. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर तीही डॉक्टरांना सांगावी.

डार्विन यांच्याकडे वडिलोपार्जित पैसा, नोकरचाकर आणि एमांसारखी जोडीदार होती, हेही विसरू नये. मनाची उभारी एकट्या रुग्णाच्या बळावर टिकत नाही. घरात वेगळ्या ठेवलेल्या पिठाच्या डब्याचा आणि न कुरकुरता वेगळ्या केलेल्या भाकरीचा तिच्यात मोठा वाटा असतो.